‘योग्य वाटेल ते द्या’

मेहंदी काढायला बोलावणं आलं आणि कुणी दर विचारला, की माझं उत्तर ठरलेलं असे, "घरचंच आहे, योग्य वाटेल ते द्या." मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात सगळे एकमेकांना ओळखतात. निकाहाच्या घरात पैशांचं बोलायला जीभ धजत नसे.

मागच्या वर्षी एका नवरीची मेहंदी होती. कोपरापर्यंत दोन्ही हात आणि पाय. मी आणि मदतीला येणारी शेजारची मुलगी सहा तास मान मोडून बसलो. निघताना पाकीट मिळालं. रिक्षात उघडलं, तर १,१०० रुपये. तक्रार कुणाकडे करणार? त्यांना योग्य वाटलं तेवढं त्यांनी दिलं होतं.

मुलीला मी दर वेळी ५०० देत असे. त्या रात्री २०० दिले. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी विसरलेली ओढणी न्यायला आली आणि हळूच म्हणाली, "आपा, काल माझं काही चुकलं का?"

मला तिच्याकडे बघवेना. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण मुलांना शिकवतो. मी वेळेवर दिली होती, पण तिचा हक्क कापून.

माझी भाची पुण्यात एका पार्लरमध्ये पापण्यांचं एक्सटेन्शन करते. ते करावं की नाही, यावर आमच्या घरात वाद आहेत. पण हिशेबात ती पक्की. फोनवर म्हणाली, "खाला, आमच्याकडे एकेक पापणी चिकटवायला दोन तास जातात. गोंदाची बाटली उघडली की थोड्या दिवसांत फेकावी लागते. दोन-तीन आठवड्यांनी बाई परत भरून घ्यायला येते. हे सगळं दरात धरतात. तू फक्त मेहंदीची पूड मोजतेस."

मग वही घेऊन बसले. पूड, निलगिरीचं तेल, साखर, कोन यांचे ३०० रुपये. रिक्षाचे २००. काढायला सहा तास, आदल्या दिवशी मेहंदी गाळून, भिजवून कोन भरायला दोन, जाण्यायेण्यात एक. एकूण नऊ तास. मुलीला ५०० दिले असते, तर १,१०० मधून माझ्या हातात १०० रुपये उरले असते.

बाजारचा काळा कोन स्वस्त पडतो आणि लवकर रंगतो. पण त्यातल्या रसायनाने कातडीवर फोड येऊ शकतात, म्हणून तो मी वापरत नाही. तिथे काटकसर नाही.

मुलीचे ७०० केले. सामान आणि रिक्षा धरून १,२०० झाले. माझ्या तासाला २०० धरून १,८००. नवरीच्या मेहंदीचा दर ठरला ३,००० रुपये. आता तो बोलावणं येताच सांगते. पहिल्यांदा सांगताना आवाज कापला. दोन घरांनी नकार दिला, एक नातेवाईक अजून फुगून आहेत.

पुढच्याच महिन्यात शिलाईकाम करून घर चालवणारी एक विधवा शेजारीण आली. तिच्या लेकीचा निकाह होता. तिला दर सांगितला आणि म्हटलं, "भाभी, माझे १,८०० सोडा. मुलीचे आणि सामानाचे तेवढे द्या." तिने ते आधीच मोजून दिले.

सवलत मी आजही देते, पण माझ्या वाट्यातून. बहिणींनो, घरून काम करत असाल तर दर आधी बोला. आपल्या संकोचाची किंमत बऱ्याचदा मदतनीस पोर भरत असते.