आवाज वाढवण्याआधी

शाळेच्या वार्तापत्रासाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक बाईंचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शाळेत असताना आमच्या निबंधाच्या वहीवर निळ्या शाईपेक्षा लाल शाईच जास्त असायची. "साहित्यिक काही नको, तुम्ही उद्यमबागेत काम करता, हाताने केलेल्या एखाद्या कामाबद्दल लिहा," असे बाई म्हणाल्या, म्हणून हे धाडस. आम्ही लिहिणार आहोत ते आमच्या छोट्या स्पोर्ट्स कारबद्दल आणि तिच्यात आम्ही स्वतः बसवलेल्या गाण्याच्या यंत्रणेबद्दल.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर विश्वस्त मंडळींनी देणगीची पावती घेऊन यायची घाई करू नये! ही गाडी म्हणजे 'सॅन स्टॉर्म'. आपल्या शेजारच्या गोव्यात, वेर्णा येथे बनलेली. 1998 साली ती बाजारात आली. दोन दारे, दोनच माणसांची जागा, वर कापडी छप्पर, 1149 सीसीचे रेनॉ कंपनीचे इंजिन आणि बॉडी पत्र्याची नव्हे तर फायबरग्लासची. आता ही गाडी बनत नाही. आमच्या मडगावच्या मामांनी हौसेने घेतलेली गाडी अंगणात पडून होती. 2008 सालच्या दिवाळीनंतर ती आम्ही त्यांच्याकडून घेतली आणि साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी अशी चालवत बेळगावला आणली. वाटेत लोक हात करत होते. आम्हाला मात्र एकमेकांचे बोलणेही ऐकू येत नव्हते. उघड्या गाडीतला वारा, इंजिनाचा घुमारा आणि जुन्या कॅसेट प्लेअरची खरखर यांची जणू जुगलबंदी चालली होती.

घरी आल्यावर आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, शेजारी बसवून काकतीपर्यंत फेरी मारली. आबा गाण्याचे वेडे. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगणार म्हणजे सांगणार. परत आल्यावर ते एवढेच म्हणाले, "गाडी बेस हाय. पण गाणं नुसतं ऐकू यालंय, शब्द कळंनात."

झाले! आम्ही ठरवले की आबांसाठी गाडीत असा आवाज बसवायचा की निपाणीच्या आत्याच्या दारापर्यंत त्यांचा एक शब्द चुकता कामा नये.

विद्यार्थी मित्रहो, इथून आमच्या चुकांना सुरुवात झाली. त्या सविस्तर सांगतो, कारण आमच्या कामातला शिकण्यासारखा भाग तोच आहे.

पहिली चूक म्हणजे आम्ही मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज एकच समजलो. नवा सीडी प्लेअर, दारात बसणारे साडेसहा इंची दोन स्पीकर आणि प्रत्येक चॅनेलला 45 वॅट देणारा चार चॅनेलचा अॅम्प्लिफायर, एवढे सामान आणले. वॅट जास्त म्हणजे काम फत्ते, असा आमचा हिशोब होता.

दुसरी चूक अर्थिंगची. एरवी मोटारीत बॅटरीची ऋण तार लोखंडी बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे कुठेही एक स्क्रू मारून तार आवळली की परतीचा मार्ग मिळतो. आम्हीही सवयीने सीटमागे स्क्रू मारला, तार आवळली आणि बटण दाबले. दिवा पेटेना, आवाज येईना. अर्धा रविवार गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की ही बॉडी फायबरग्लासची, तिच्यातून वीज जाणार कशी? वाहक आणि अवाहक पदार्थांची यादी आम्ही सातवीत घोकून पाठ केली होती, पण हातात पाना आल्यावर आठवली नाही. शेवटी जाड तार खालच्या पोलादी सांगाड्यापर्यंत नेली, रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्टने आवळली आणि सर्किट पूर्ण झाले.

तिसरी चूक आठवली की आजही अंगावर काटा येतो. चार चॅनेलचे मिळून 180 वॅट. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलेले सूत्र. 12 व्होल्टला 180 वॅट म्हणजे 15 अँपिअर. पण अॅम्प्लिफायर घेतलेली सगळी वीज आवाजात उतरवत नाही, बरीचशी उष्णतेत जाते. म्हणून पूर्ण आवाजाला 25 ते 30 अँपिअर धरून चालावे लागते. त्याप्रमाणे 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आम्ही आणली. 30 अँपिअरचा फ्यूजही आणला, पण त्याचा होल्डर आणायला विसरलो. "उद्या बसवू, आज नुसतं वाजवून बघू," असे म्हणून तार सरळ बॅटरीला जोडली.

ती तार सीटच्या लोखंडी रुळाखालून गेली होती. थोरल्याने सीट मागे सरकवली, रुळाच्या धारेने तारेचे वेष्टण कापले गेले आणि क्षणात चर्र आवाज होऊन धूर निघाला. फायबरग्लासमधले रेझिन पेट घेते, हे आम्हाला माहीत होते. पेट्रोलची टाकी भरलेली होती, तेही माहीत होते. आम्ही दोघे खांबासारखे उभे! आबा ओट्यावर बसले होते. ते चपला न घालताच धावले, बाजूचा दहा नंबरचा पाना उचलला आणि बॅटरीचे ऋण टोक मोकळे केले. धूर थांबला. आबांनी आम्हाला शिवी दिली नाही. पाना हातात ठेवला आणि म्हणाले, "भट्टीजवळ उद्या म्हणायचं नसतंय रे."

आबा फाउंड्रीत बत्तीस वर्षे होते. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये नियम आहे, की बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज बसल्याशिवाय तार जोडायची नाही. फ्यूज यंत्राला वाचवतो असा पुष्कळांचा समज असतो. खरे तर तो तारेला आणि तारेमुळे लागणाऱ्या आगीला आवरतो. म्हणूनच तो यंत्राजवळ न बसवता बॅटरीजवळ बसवायचा असतो.

मग सगळे उसवून पुन्हा केले. नवी तार प्लास्टिकच्या नळीतून, रुळापासून दूर नेली. विजेची तार एका बाजूने आणि गाण्याच्या सिग्नलची तार दुसऱ्या बाजूने घेतली. त्या शेजारी शेजारी राहिल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमध्ये ऐकू येण्याचा संभव असतो. दारात स्पीकर बसवायला सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायवूडच्या कड्या कापून घेतल्या, कारण आपल्या बेळगावच्या पावसात साधे लाकूड फुगते. कडी आणि दार यांच्यातली फट रबराने बुजवली. दाराचा आतला भाग थरथरू नये म्हणून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. हे काम दिसायला क्षुल्लक, पण आवाजात सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला. फटीतून स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकत्र आली की खर्ज मारला जातो.

मुलांना घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट इथे सांगतो. जुन्या सुट्या स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. धनाला धन लावले तर पडदा बाहेर येतो, उलटे लावले तर आत जातो. गाडीतला एक स्पीकर बाहेर ढकलत असताना दुसरा आत ओढू लागला, तर दोघांचा खर्ज एकमेकाला खाऊन टाकतो. आमचा डावा स्पीकर उलटा जोडला गेला होता, तो या दीड व्होल्टच्या सेलने पकडून दिला.

एवढे झाल्यावर आवाज दणकेबाज झाला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पण आबा म्हणाले, "शब्द अजून कळंनात."

आम्ही विचार करू लागलो. दारातले स्पीकर पायाशी. बारीक, उंच स्वर सरळ रेषेत जातात आणि गुडघ्यांना अडकतात. म्हणून छोटे ट्वीटर आणून समोरच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत, कानाच्या दिशेने बसवले. ते नीट चालतात का हे बघायला दारातले मोठे स्पीकर काढून ठेवले आणि नुसते ट्वीटर सुरू केले. अंगणात गाण्याचे फक्त तीक्ष्ण 'स्स स्स' ऐकू येऊ लागले. आमचे कान किटले. आबा शेजारच्या सीटवर शांत बसले होते.

"लावा की रे. कशाला थांबलाय?" ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितले. थोरल्याने आवाज आणखी वाढवला. आबा वाट बघत राहिले. धाकट्याने हळूच यंत्र बंद केले आणि म्हणाला, "वायर सुटली वाटतं, आबा. उद्या बघू."

वायर सुटलेली नव्हती. त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. टीव्हीचा आवाज आबा मोठा ठेवायचे, नातवंडांना "तोंडात पुटपुटू नका" म्हणून रागवायचे, लग्नकार्यात कोपऱ्यात बसून राहायचे. आम्ही त्याला वय म्हणत होतो, स्वभाव म्हणत होतो. कधी कधी, सांगायला लाज वाटते, पण चेष्टाही केली होती.

आईने समजावून आबांना कानाच्या तपासणीला नेले. वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवून आलेख काढतात. आबांचा आलेख खालच्या स्वरांना बरा होता आणि 4000 हर्ट्झच्या आसपास दरीत कोसळावा तसा खाली गेला होता. कारखान्यातल्या गोंगाटाने बिघडलेल्या कानाची ही ओळखीची खूण, असे तपासणाऱ्यांनी सांगितले. फेटलिंग खात्यात ग्राइंडरशेजारी काढलेली ती वर्षे. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात. म्हणून आबांना बोलणे ऐकू येत होते, कळत नव्हते. आम्ही आवाज वाढवून खर्जच वाढवत होतो आणि उरलेसुरले शब्दही बुडवत होतो. कानाच्या आतल्या शंखातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे दुसरा फ्यूज बसवता येत नाही.

आबांना श्रवणयंत्र बसवले. सुरुवातीला ते खिशातच राहायचे. आम्ही समजावले, की हे यंत्र सगळाच आवाज वाढवत नाही, कमी पडते तिथेच भर घालते, आपण गाडीत केले तेच बारकाईने करते. यंत्राची भाषा आबांना पटली.

जानेवारीत आबांना घेऊन धाकटा निपाणीला निघाला, थोरला मोटारसायकलवर मागून. कापडी छप्पर लावले होते, वेग बेताचा होता. संकेश्वर मागे पडले, तवंदी घाट आला. कुमारजींचे भजन चालू होते. आबांनी हात वर केला. धाकट्याला वाटले त्रास होतोय, त्याने आवाज कमी केला. आबा म्हणाले, "अजून जरा कमी कर. आता कळालंय." निपाणीत आत्याच्या दारात गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत. भजन संपेपर्यंत आत्या चहाचा कप घेऊन उन्हात उभी राहिली.

सगळेच शब्द परत आले असे नाही. पण पुष्कळ आले.

त्यानंतर आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर बसणाऱ्या पोरांना कानात प्लग घातल्याशिवाय काम नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा, म्हणजे 88 ला चार तास आणि 91 ला दोन. प्लगची किंमत एका वडापावापेक्षा फार नाही. आबांच्या वेळी ते कुणी दिले नाहीत, कुणी मागितलेही नाहीत.

पालकांना एक विनंती. घरातले वडीलधारे "काय? काय?" म्हणू लागले तर चिडण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. मुलांनो, कानात हेडफोन घालाल तेव्हा आवाजाचे बटण कुठे आहे ते बघा. आणि विश्वस्तांना नम्र सूचना, की स्नेहसंमेलनातले स्पीकर पहिल्या रांगेतल्या बालवाडीच्या कानांशी लावू नयेत, थोडे उंचावर बांधावेत. मागच्या रांगेलाही नीट ऐकू जाईल. त्या कामाला आम्ही दोघे येऊ, फ्यूज आणि होल्डर दोन्ही सोबत घेऊन.