दुसऱ्याच्या हातातला फोन

मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या अशा मेळाव्याला निमंत्रणपत्रिका नसते, दीपप्रज्वलन नसतं, पहिल्या रांगेत सोफे नसतात. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचे दोन-तीन वर्ग रविवारपुरते मिळतात. सकाळी फळ्यावर चौकटी आखल्या जातात. वर खोल्या, डावीकडे वेळा. ज्याला काही सांगायचं असेल त्याने चिठ्ठीवर विषय लिहून रिकाम्या चौकटीत चिकटवायचा. बघता बघता फळा पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरून जातो. 'नेटवर्क नसताना डेटा कसा जपावा', 'कोटलिन की फ्लटर?', 'माझं अ‍ॅप बॅटरी खातंय, कुणीतरी बघा'. या शेवटच्या चिठ्ठीच्या खोलीत उभं राहायला जागा उरत नाही.

ही रीत रुजवली 'बारकॅम्प' नावाच्या मेळाव्यांनी. पहिला बारकॅम्प 2005च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला भरला. त्यात मिसळला हॅरिसन ओवेन यांच्या 'ओपन स्पेस' बैठकांचा नियम : जिथे आपण शिकतही नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठावं आणि दुसऱ्या खोलीत जावं. अर्ध्यातून उठून जाणाऱ्याचा इथे कुणाला राग येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. 2007 साली 29 जूनला आयफोन विक्रीला आला आणि 6 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यासाठी याच रीतीचा 'आयफोन डेव्हकॅम्प' सुरूही झाला. बाहेरच्यांना त्या फोनसाठी अ‍ॅप लिहिण्याची तेव्हा मुभाच नव्हती. ब्राउझरमध्ये उघडणारी पानं तेवढी करता येत. अ‍ॅप स्टोअर उघडलं त्यानंतर वर्षभराने, 10 जुलै 2008 रोजी. दुकान उघडण्याआधीच कारागीर जमले होते.

आमच्या रविवारच्या मेळाव्यात एक मुलगी आली होती, शेवटच्या वर्षाला असलेली. आईच्या बचत गटाचे हप्ते आणि कर्जं मांडणारं अ‍ॅप तिने केलं होतं. पंचवीस डॉलर भरून प्ले स्टोअरवर खातंही काढलं होतं. पण 13 नोव्हेंबर 2023 नंतर वैयक्तिक खातं काढलेल्यांना अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान बारा परीक्षक सलग चौदा दिवस जोडलेले ठेवावे लागतात. घरचे आणि मैत्रिणी धरूनही तिची संख्या भरत नव्हती. "दादा, तुम्ही याल का त्यात?" तिने शेजारच्याला विचारलं. त्याने मागच्या बाकाकडे मान वळवली, आणि वही फिरू लागली. चहा येईपर्यंत तिच्या पानावर बाराहून जास्त जीमेल पत्ते उतरले होते.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. प्रत्येकाच्या हातात तेच अ‍ॅप वेगळं दिसत होतं. एकाच्या फोनवर 'नोंदणी' बटणातली वेलांटी वरून कापली गेली, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवलेली होती. एका काकांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षरं मोठी करून ठेवली होती. त्यांच्या पडद्यावर 'जमा करा' खाली कुठेतरी गडप झालं. तिसऱ्या फोनने बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपच बंद केलं, त्यामुळे हप्त्याची आठवण आलीच नाही. ती एकेक गोष्ट वहीत लिहीत होती.

मग एका दृष्टिहीन डेव्हलपरने फोन मागून घेतला. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू केलं, फोन कानाशी धरला आणि बोटाने उजवीकडे सरकवत निघाला. गटाचं नाव ऐकू आलं, शिल्लक ऐकू आली, आणि पुढच्या चित्राच्या बटणावर फोन फक्त 'बटण' म्हणाला. ते कशाचं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. "ताई, इथे वर्णन भरा," तो म्हणाला. कोडमध्ये एकाच ओळीची भर. तिने तिथेच बाकावर लॅपटॉप उघडून ती ओळ लिहिली, केबल जोडून अ‍ॅप पुन्हा त्याच फोनवर चढवलं. या वेळी फोन म्हणाला, 'हप्ता भरा'. त्याने दोनदा टिचकी मारली आणि हप्ता भरला गेला.

अ‍ॅप लिहिणारा माणूस महिनोन्‌महिने आपल्याच टेबलावर, आपल्याच फोनवर ते बघत असतो. तिथे ते नेहमी चालतं. कंपनीत तपासणीसाठी फोनांचं कपाट असतं. एकट्या विद्यार्थ्याकडे ते कुठून येणार? भाषणं नंतर यूट्यूबवर सापडतात. वेगवेगळ्या खिशांतले वेगवेगळे फोन आणि ते अनोळखी माणसाच्या हाती देणारे लोक मात्र अशा खोलीतच भेटतात. म्हणून मला हे मेळावे मोठ्या हॉटेलांतल्या परिषदांपेक्षा अधिक उपयोगाचे वाटतात.

तुमच्या गावात असा मेळावा भरला तर जरूर जा. कोड येत नसला तरी जा. फोन जुना असेल, काच तडकलेली असेल, मेमरी भरत आलेली असेल, अक्षरं मोठी करून ठेवलेली असतील, तर तोच घेऊन जा. तिथे कुणाला तरी नेमका तोच हवा असतो.