माळ्यावरचा डाव

सोड्याच्या बाटलीवरच्या पत्र्याच्या बिल्ल्याला २१ दाते असतात. त्याची रुंदी कॅरमच्या सोंगटीएवढीच, तीन सेंटिमीटरच्या किंचित वर. वजन मात्र सोंगटीच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे १९ सोंगट्यांपैकी दोन-तीन हरवल्या आणि त्यांच्या जागी बिल्ले आले, की डावाचा स्वभावच बदलतो. दाते वर करून ठेवलेला बिल्ला स्ट्रायकर लागताच भलतीकडे भरकटतो. दाते खाली केले तर कितीही पावडर टाका, तो अडतो. मग कुणीतरी ठरवतं, बिल्ला थेट मारायचा नाही, कडेवरून रिबाउंड घेऊनच मारायचा. दुसरं कुणी म्हणतं, मग त्याचे गुण दुप्पट. पाच मिनिटं वाद होतो आणि त्या घरापुरता एक नवा खेळ तयार होतो. माझं म्हणणं एवढंच आहे: वापरून झालेल्या, अर्धवट उरलेल्या वस्तूला एक खोड असते, आणि घरगुती खेळाचा नियम त्या खोडीतूनच उगवतो. वस्तू स्वस्त किंवा फुकट असते ही गोष्ट दुय्यम आहे.

डबा ऐसपैसमधला डबा घ्या. ‘आय स्पाय’चं आपल्या तोंडी ‘ऐसपैस’ झालं असं मानतात. खेळ लपाछपीचाच, पण मधे डबा आहे म्हणून निराळा. ज्याच्यावर राज्य आहे त्याने लपलेल्यांना नाव घेऊन पकडायचं, आणि न सापडलेल्या एकाने धावत येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटले. हा डबा पत्र्याचाच लागतो, कारण तो वाजतो. पाण्याच्या टाकीमागे नाहीतर पलीकडच्या विंगच्या जिन्याखाली दडलेल्या पोराला मधलं काही दिसत नाही. फरशीवरून खणखणत गेलेला आवाजच त्याला सांगतो की सुटका झाली. डालड्याचा हिरव्या झाडाचा पिवळा डबा १९३७ पासून स्वयंपाकघरात आला तो वनस्पती तूप घेऊन. रिकामा झाल्यावर त्यात तुळस लागली, पाणी साठलं आणि तोच पोरांच्या सुटकेची घंटाही झाला. लगोरीच्या सात ठिकऱ्यांचंही असंच. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि तसली कौलं पुढे अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांपर्यंत घरांवर चढली. फुटक्या कौलाच्या ठिकरीवर पन्हळीचा उंचवटा राहतो, म्हणून ती सपाट बसत नाही. कोणती खाली, कोणती वर हे बोटांनी शिकायचं, तेही पाठीमागून चेंडू येत असताना. दुकानातल्या लगोरीच्या चकत्या उतरत्या मापाच्या, एकमेकींवर नीट बसणाऱ्या असतात. रचण्यातला थरार त्यांनी अर्ध्यावर आणला आहे. आणि चल्लस-आठ? चिंचोके फोडून केलेल्या चार फाका टाकायच्या, जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं पुढे. चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, चारही काळ्या म्हणजे आठ. विकतच्या फाशाकडून सहाही बाजू सारख्या पडाव्यात अशी अपेक्षा असते. चिंचोका तसं वचन देत नाही. एक फाक पोटाला फुगीर, एक चपटी. कोणती कशी पडते हे मुलं चार डावांत ओळखतात, आणि मग फाका कुणाच्या घ्यायच्या यावरून भांडतात. संभाव्यतेचं गणित शाळेत बऱ्याच वर्षांनी येतं. त्याची जाण मात्र या भांडणात आधीच आलेली असते.

शाळांमधल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ या उपक्रमाशी माझा मतभेद इथेच आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड करा, बाटलीला लोकर गुंडाळून फुलदाणी करा: त्यात जुनी वस्तू शोभेची होते आणि तिची खोड रंगाखाली दडपली जाते. प्रदर्शन संपल्यावर तिला पुन्हा कुणी हात लावत नाही. याच्या उलट काम अरविंद गुप्ता यांनी केलं. टेल्कोतला हा अभियंता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी अशा वस्तूंतून रचना उभ्या करू लागला. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांसाठी अशी असंख्य खेळणी केली. गुप्तांची खेळणी जोडून झाली की पुन्हा सुटतात. व्हॉल्व्ह ट्यूब वाकते हा तिचा दोष तिथे सांधा होतो. फरक एवढाच की खेळणं निसर्गाचा नियम दाखवतं, आणि खेळाचा नियम मुलांना आपसात करावा लागतो.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण माळे रिकामे होत आहेत. विक्रोळीचं कन्नमवार नगर, घाटकोपरचं पंतनगर, अंधेरीचं डी. एन. नगर इथल्या म्हाडाच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातात. घर सोडताना माळ्यावरून जे खाली येतं त्यातलं चांगलं नातेवाइकांकडे, कपडे बोहारणीकडे, बाकीचं भंगारवाल्याच्या काट्यावर आणि तिथून साकीनाक्याकडच्या गोदामांत. जाळ्या फाटलेला कॅरम, शिलाई मशीनची बॉबिनं आणि रिळं, बिघडलेल्या रेडिओचे खटके, जुनी कॅलेंडरं. एकट्या कॅलेंडरचंच पाहा. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’चं एखादं जुनं पान म्हणजे आखून दिलेला पट आहे. सात वार, पाच-सहा आठवडे, आणि २८ ते ३१ घरं. सोंगट्यांना शर्टाची बटणं घ्यावीत. लाल तारखेवर आलं तर आणखी एक डाव, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत, म्हणजे एक फेरी, उपाशी बसायचं, अमावास्येला चार घरं मागे. असा नियम केला की प्रत्येक महिन्याचा खेळ वेगळा होतो. सणांच्या महिन्याचं पान झरझर संपतं आणि जूनचं रखडतं. पंचांग करणाऱ्याने हा खेळ योजला नव्हता, तरी तो त्या पानात होता.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे गरिबीचं कौतुक आहे. देवनारच्या कचराभूमीच्या पायथ्याशी, जिथे १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो, तिथल्या मुलाच्या हातातलं भंगार म्हणजे काम असतं. त्याच्यासमोर टाकाऊ वस्तूंची थोरवी गाऊ नये. हे मला पूर्ण मान्य आहे. त्या मुलाला नवा चेंडू, नवा पट मिळायलाच हवा. पण घरी केलेले खेळ परवडत नाही म्हणूनच होतात, हे खरं नाही. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चं पेटंट ५ जानेवारी १९०४ रोजी मिळालं, आणि नंतरची कित्येक वर्षं तो खेळ लोकांनी हाताने काढलेल्या पटांवर पसरवला, आपापल्या गावांतल्या रस्त्यांची नावं घालून. त्यांत प्राध्यापक होते, त्यांचे विद्यार्थी होते. पट विकत घेण्याची ऐपत त्यांच्यात होती. हाताने काढायचा म्हणून तर आपली गल्ली त्यात घालता आली. पुढे त्यातूनच मोनोपॉली झाली, आणि तिच्या जुन्या सोंगट्या घरातल्याच वस्तूंच्या आकाराच्या होत्या: इस्त्री, बूट, शिवणकामाचं अंगुस्तान.

सुरक्षिततेचा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून काही वस्तू सरळ बाद कराव्या लागतात. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर बीआयएसचं चिन्ह सक्तीचं आहे. घरात केलेल्या खेळावर कुणाचंच चिन्ह नसतं, म्हणून ती तपासणी घरच्यांनी करायची. बटणासारखे सेल, सुटी चुंबकं, कापलेला पत्रा, पोपडे सुटलेला जुना रंग, पाऱ्याचा तापमापक हे पटाजवळही नको. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बिल्ले-बटणंही नकोत. त्यापलीकडची थोडी जोखीम मात्र मुलांना द्यावी. १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रपला सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान उभं राहिलं, कारण त्यांनी पाहिलं होतं की मुलं सजवलेल्या बागांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या सामानात जास्त रमतात. आपल्याकडे जागाच नाही, हे उत्तर निम्मं बरोबर आहे. कंपाउंडमध्ये गाड्या उभ्या राहिल्या तिथे लगोरी हरली आणि ती सहज परत येणार नाही. जिन्याच्या चौकात मात्र चिंचोक्यांचा पट मांडता येतो. आणि वेळ? मुलुंडला रात्री आठच्या लोकलने उतरणाऱ्या आई-बाबांकडे तो नसतो हे खरंच. पण या खेळांना त्यांचा वेळ लागतच नाही. हस्तकलेच्या प्रकल्पाला आई लागते. बिल्ल्याचा नियम ठरवताना मोठं माणूस मधे पडलं तर उलट डाव बिघडतो. आजीने चल्लस आणि आठ कसे मोजायचे एवढं सांगितलं की पुरे.

प्रश्न उरतो तो माळा उतरवण्याच्या त्या एका दुपारचा. बटणांचा जुना डबा काट्यावर येतो तो पत्र्याच्या भावाने. त्याआधी तो उलटा करून रिकामा केला जातो, कारण बटणांना भाव नसतो. चार भोकांची, दोन भोकांची, कोटाची जाड, झबल्याची इवलीशी, एक पितळी. जिन्याच्या पायरीवर ती सांडतात तेव्हा इमारतीतली मुलं बहुधा तिथेच उभी असतात.