दाखवायचे दात

मुलुंड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून झवेर रोडनं घरी येताना मी मध्यंतरी दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत येत असे. पूर्वीच्या पाट्या सरळ असायच्या. दात काढणे, दात बसवणे, कवळी, फार तर ‘रूट कॅनाल’. आताच्या पाट्यांवर ‘स्माईल डिझायनिंग’ असतं आणि खाली एका गोऱ्या बाईचं हसू. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात एका मापाचे, एका रंगाचे, नव्या बाथरूमच्या टाइल्ससारखे. दुखतंय म्हणून दवाखान्यात जायचं अशा पिढीतली मी. पण पन्नाशी ओलांडल्यावर त्या पाट्या मी वाचत होते, कारण मला काहीही दुखत नव्हतं आणि तरीही जायचं होतं.

माझ्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट आहे. ती वडिलांकडून आली. डावीकडच्या दाताचा कोपरा लहानपणी अंगणात पडल्यामुळे उडालेला. फट भाग्याची असते, असं आजी सांगायची. कोपऱ्याबद्दल तिचं काही मत नव्हतं. वय वाढलं तशी फट थोडी रुंदावली आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजू लागली. मी शाळेत मराठी शिकवते. ‘संस्कृती’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो ते वर्गातली मुलं मोजायला लागली, तेव्हा मी मनावर घेतलं.

उपाय दोन. एक बाँडिंग. फिलिंगसाठी वापरतात त्याच जातीचं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट दातावर थराथरानं लावायचं, निळ्या प्रकाशानं कडक करायचं, आकार देऊन चकचकीत करायचं. काम एका बैठकीत होतं आणि बहुतेकदा इंजेक्शनही लागत नाही. दुसरा उपाय पोर्सेलिनचे विनियर. नखाएवढ्या जाडीचे चिनीमातीचे पापुद्रे लॅबमध्ये बनवून दाताच्या दर्शनी बाजूला कायमचे चिकटवायचे. त्यासाठी आधी दात पुढून साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो, नाहीतर पापुद्रा वर बसून दात जाडजूड दिसतो. न घासता बसवायचे अतिपातळ विनियरही निघालेत, पण ते प्रत्येक तोंडाला जमत नाहीत.

अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण दाताच्या पुढच्या भागावरचं एनॅमल मुळात टोकाशी जेमतेम एक मिलिमीटर असतं आणि हिरडीकडे त्याच्या निम्म्याहून कमी होत जातं. आपल्या शरीरातली ही सगळ्यांत कठीण वस्तू. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, नख उपटलं तरी पुन्हा येतं. एनॅमल येत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. सहा-सात वर्षांच्या वयात जेवढं मिळालं तेवढ्यावर उरलेलं आयुष्य काढायचं. त्यामुळे या दोन उपायांत कुठला जास्त सुंदर, हा प्रश्न मला हळूहळू दुय्यम वाटायला लागला. एकातून परत फिरता येतं आणि दुसऱ्यातून येत नाही, हा फरक मोठा होता.

गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल ब्युनोकोर नावाच्या दंतवैद्यानं पाहिलं, की कारखान्यात धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यानं तेच दातावर करून बघितलं. आम्लानं एनॅमलला सूक्ष्म खड्डे पडतात आणि त्यात प्लास्टिकसदृश पदार्थ शिरून घट्ट बसतो. १९६२ मध्ये राफेल बोवेननं आजच्या कॉम्पोझिटचं मूळ रसायन दिलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलिनलाही आम्लानं खरवडून दाताला चिकटवता येतं, हे जमलं आणि विनियर टिकाऊ झाले. त्याआधी, १९३० च्या आसपास, हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नट-नट्यांच्या दातांवर पातळ मुखवटे लावत असे. ते कवळीच्या पावडरीनं तात्पुरते चिकटायचे. कॅमेरा थांबला की काढून ठेवायचे, कारण त्यांनी जेवता यायचं नाही. हत्तीची म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आपल्या हॉलिवूडलाही मी जाऊन आले. भाचीनं अंधेरीतलं एक क्लिनिक सुचवलं होतं. घाटकोपरहून मेट्रोनं डी. एन. नगर, तिथून रिक्षानं लोखंडवाला. बाहेरच्या सोफ्यावर माझ्याखेरीज सगळी पंचविशीच्या आतली, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर ऑडिशनला निघालेल्यांची ती टवटवी. त्यांच्या धंद्याचं ते भांडवल आहे, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आत माझा फोटो काढला आणि पाच मिनिटांत पडद्यावर माझाच चेहरा नव्या दातांसकट आला. ‘मॅडम, दोनच केले तर बाकीचे पिवळे दिसतील. आठ करू या.’ दर दाताला १६ हजार. म्हणजे एका फटीसाठी आणि एका कोपऱ्यासाठी सहा निरोगी दात घासायचे. मी ‘घरी विचारून सांगते’ म्हटलं. पन्नाशीतल्या बाईला घरी कोणाला विचारायचं असतं, ते त्या डॉक्टरांनी विचारलं नाही. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही, हे मात्र रिसेप्शनवरच्या मुलीनं न विचारता सांगितलं.

इथं माझ्या मावसबहिणीबद्दल लिहायला हवं, नाहीतर मी विनियरच्या विरुद्ध आहे असं वाटेल. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बोरिवलीला राहते. आम्ही तिला ताईच म्हणतो. लहानपणी तिला सारखा ताप यायचा आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तिला टेट्रासायक्लिनची सिरपं पाजली गेली. हे औषध घडणाऱ्या दातांत कॅल्शियमबरोबर जाऊन बसतं, म्हणून आज ते आठ वर्षांखालच्या मुलांना शक्यतो देत नाहीत. ताईचे कायमचे दात आले ते करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या घेऊनच. हा डाग वर लागलेला नसतो, आतून, डेंटिनमधून दिसतो. तो घासून निघत नाही. ‘दात घासत नाहीस का?’ हे तिला शाळेत, मग बघायला आलेल्या मंडळींकडून, मग ऑफिसात ऐकावं लागलं. चंद्रपूर-यवतमाळकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे गावंच्या गावं असे डागी दात घेऊन जगतात. तिथं निदान सगळे सारखे. बोरिवलीच्या चाळीत ती एकटी होती.

ताई हसताना तोंडावर हात घेते. साडीत असली तर पदर. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत तिचे दात नाहीत. आमच्या घरात ‘ताई फार गंभीर’ अशी ख्याती. खरं तर तिच्याइतकी नकला करणारी बाई मी पाहिलेली नाही.

माझं चाललंय हे कळल्यावर ती म्हणाली, ‘मीपण येते.’ दादरला गाडी बदलून ती मुलुंडला आली. आमच्या इथल्या डॉक्टरांनी, त्या माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, तिला आधी ब्लीचिंग करायला सांगितलं. ट्रेमध्ये जेल घालून रोज रात्री, पाच महिने. पट्ट्या थोड्या फिकट झाल्या, गेल्या नाहीत. तिच्या बाबतीत बाँडिंगचा हिशोब उलटा होता. गडद डाग झाकायचा म्हणजे दाताचा पूर्ण दर्शनी भाग अपारदर्शक थरानं मढवायचा. आठ दातांवर एवढं कॉम्पोझिट हातानं घडवायचं आणि ते चहा-हळदीनं दर काही वर्षांनी पिवळं पडायचं. पोर्सेलिनवर हळद चढत नाही. पण त्यातही अडचण होती. पापुद्रा फार पातळ ठेवला तर मागची पट्टी त्यातून डोकावते, म्हणून तिचे दात माझ्यापेक्षा जास्त घासावे लागणार होते. आणि घासणं एनॅमलमध्येच थांबलं पाहिजे, कारण डेंटिनवर चिकटवलेलं तितकं भरवशाचं राहत नाही. डॉक्टरांनी हे सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं. विनियर चांगले बसले तर दहा-पंधरा वर्षं, पुष्कळदा जास्तही जातात. गेले की पुन्हा विनियर किंवा कॅप. उघडे दात घेऊन परत जायची सोय नाही. शिवाय खर्च आठ दातांचा १ लाख १२ हजार. परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं, तिथं विचारा, हेही त्यांनीच सांगितलं.

मी तिला म्हटलं, ‘ताई, घासलेलं परत येत नाही. विचार कर.’

ती म्हणाली, ‘अगं, तू तुझे दात वाचव. तुला ते आवडतात. मी पन्नास वर्षं लपवलेत. लपवलेलं कमी झालं तर मला काय होणार आहे?’

यावर मला काही बोलता आलं नाही. माझं एक मिलिमीटरचं तत्त्वज्ञान माझ्या फटीपुरतं बरोबर होतं.

रंग निवडायचा दिवस मजेचा गेला. डॉक्टरांकडे दातांची एक पट्टी असते, ए-१, ए-२, बी-१ अशा नावांचे नकली दात ओळीनं लावलेली. ती ट्यूबलाइटमध्ये बघायची नाही म्हणून आम्ही तिघी खिडकीशी उभ्या, खाली भाजीवाला ओरडतोय. ताईला सगळ्यांत पांढरा हवा होता. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यातल्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरा झाला की लोकांना आधी दातच दिसतो. बरीच घासाघीस होऊन ए-१ ठरला. मध्ये दोन आठवडे तात्पुरते प्लास्टिकचे दात लावून ती बोरिवलीला फिरली आणि थंड पाणी लागलं की फोन करून मला शिव्या घालायची.

माझं काम तिच्या कामापुढे किरकोळ. आम्लाचा निळा जेल पाऊण मिनिटाच्या आत धुऊनही टाकला. मग थर, प्रकाश, थर, प्रकाश. दीड तासात दोन दातांचे ९ हजार. फट मी पूर्ण बुजवू दिली नाही. शिट्टी थांबेल एवढीच कमी केली. डॉक्टरांना ते अपुरं काम वाटलं असावं. चार-पाच वर्षांनी पुन्हा करावं लागेल, मध्ये कोपरा उडू शकतो, नखं आणि दोरा दातांनी तोडायचा नाही, हे त्यांनी बजावलं. त्याला आता दोन वर्षं झाली. कडेला हळदीची बारीक रेघ धरते. सहा महिन्यांनी पॉलिश केली की जाते. वर्गात ‘संस्कृती’ आता कोणी मोजत नाही.

ताईचे दात सुंदर झालेत. ए-१ बरोबर होता. मात्र तिच्या नातवाच्या बारशाच्या व्हिडिओत ती मोठ्यानं हसली तेव्हा हात आपोआप वर आलाच, ओठांपर्यंत. मग मधेच थांबला. काय करावं ते न कळून तिनं तो केसांवरून फिरवला.

परवा फोनवर तिनं विचारलं, ‘तुझं ते खरवडून काढलं तर आत जुने दात तसेच आहेत ना गं?’

‘आहेत. जवळजवळ तसेच.’

‘फटसुद्धा?’

‘फटसुद्धा.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि कटाची आमटी किती माणसांची करायची ते विचारायला लागली.