पुढची नाव

सत्तरी जवळ येऊ लागली की माणसाने खरेदीच्या यादीपेक्षा वाटून टाकण्याच्या यादीकडे अधिक लक्ष द्यावे, अशी जनरीत आहे. पुस्तके वाचनालयाला द्यावीत, पितळेची जड भांडी सुनेच्या हवाली करावीत, सायकल शेजारच्या मुलाला देऊन टाकावी. अशा वयात एखादी मोठी वस्तू नव्याने घ्यायची म्हटली की, “आता कशाला?” हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही, तरी डोळ्यांनी विचारतोच. त्यातून ती वस्तू समुद्रात वल्हवायची कयाक असेल आणि ती घेणारा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ समुद्रापासून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून दूर, अमझेऱ्यात राहत असेल, तर विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही.

अमझेऱ्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावयास नको. नोव्हेंबर १७२८ मध्ये येथेच चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांच्या गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पाडाव केला आणि आपल्यापैकी अनेक घराण्यांची माळव्यातील पाळेमुळे त्यानंतरच रुजली. आमचे घराणे त्या मानाने उशिरा आलेले. १० फेब्रुवारी १८५८ रोजी राणा बख्तावरसिंहांना इंदुरास फाशी दिल्यावर अमझेरा शिंद्यांकडे गेला, तेव्हा ग्वाल्हेरच्या दप्तरातील एक कारकून येथे आला, तो आमचा मूळ पुरुष. त्याने समुद्र पाहिला असण्याचा संभव नाही. मात्र अमझेऱ्याचा रणसंग्राम जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांनीच १७३९ मध्ये वसई घेतली, ही गोष्ट मला नेहमी धीर देते. आणि ज्या सरदारपूर तहसिलीत महीचा उगम आहे, तेथील माणसाला समुद्र अगदीच परका म्हणता येणार नाही. मही येथून उत्तरेला राजस्थानात शिरते, तेथे वळण घेऊन गुजरातेत उतरते, या प्रवासात कर्कवृत्त दोनदा ओलांडते आणि शेवटी खंबायतच्या आखातास मिळते.

ते आखात मात्र माझ्यासारख्यांच्या कामाचे नाही. तेथील भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी दहा मीटरांच्या आसपास जातो, आणि अशा पाण्याशी हौशी माणसाने सलगी करू नये. माझी वल्हवण्याची शाळा झाली ती कोकण किनाऱ्यावर. नोकरीनिमित्त मुंबईत तीस वर्षे काढली, त्यातल्या शेवटच्या पंधरा वर्षांत सुटीचे दिवस पाण्यावर गेले. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घरी परतलो, तेव्हा नावही सोबत आली. आता हिवाळ्यात पंधरवडाभर कोकण, आणि एरवी नर्मदा. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि आपल्या धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखलदा ही गावे पाण्याखाली गेली. तेथे आता नदी नव्हे, रुंद जलाशय आहे. वारा सुटला की समुद्राची आठवण व्हावी अशा लाटा उठतात. त्या पाण्याखाली लोकांची घरे आणि देवळे आहेत, हे विसरून तेथे कुणी केवळ मौजेने जाऊ नये. मी जातो, पण विसरत नाही.

कयाक म्हटले की पुष्कळांना महेश्वर आठवते. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लॅलम तेथे सहस्रधारेच्या खळाळत्या पाण्यात झाली, ती अनेकांनी पाहिली असेल. त्या नावा आखूड, चपळ, क्षणात गिरकी घेणाऱ्या. समुद्री कयाकीची जात निराळी. सोळा ते अठरा फूट लांब, बावीस इंचांच्या आसपास रुंद, पुढेमागे सामानाचे बंद कप्पे, आणि गुण एकच, दूरवर सरळ जाणे. माझी सध्याची नाव सतरा फुटांची, फायबरग्लासची, वजनाने सव्वीस किलो. तिने मला कधी दगा दिलेला नाही. तिच्यात तिळमात्र बदल झालेला नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. बदललो आहे तो मी.

उजव्या खांद्याचा स्नायू दोन वर्षांपूर्वी दुखावला. मोटारीच्या टपावर नाव चढविताना तो आता स्पष्ट शब्दांत नकार देतो. गुडघे पूर्वीसारखे मुडपत नाहीत. त्यामुळे बैठकीच्या अरुंद तोंडातून बाहेर पडताना लंगोटी यार भेटल्याप्रमाणे काठ घट्ट धरावा लागतो. तोलही थोडा मंदावला आहे. पूर्वी लाट आली की कंबर आपोआप झुकत असे, आता तिला अर्धा क्षण आधी कळवावे लागते.

या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन नाव निवडू लागलो, तेव्हा प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. पुण्याच्या चिरंजीवांचे म्हणणे, “बाबा, कार्बन फायबरची घ्या, किमतीचा विचार करू नका.” कोकणातील एका तरुण मित्राने सुचविले, की वर उघड्यावर बसायची रुंद प्लास्टिकची नाव घ्यावी, तीत अडकण्याची भीती नाही. आणखी एकाने दोघांनी वल्हवायची नाव सुचविली. उघड्या नावेचा तोल उत्तम असतो खरा, पण जी जितकी रुंद, तितके पाणी तिला कापावे लागते, आणि वाऱ्याविरुद्ध परतताना त्याची किंमत खांदाच मोजतो. दोघांची नाव पस्तीस-चाळीस किलोंची. तिला प्रत्येक वेळी दुसरा माणूस हवाच. राहता राहिला कार्बन. तो हलका खराच, पण खडकाळ काठावर घासली की जीव हळहळावा अशी वस्तू पाण्यात नेताना मन नावेत राहते, पाण्यावर राहत नाही.

या विचारात असता मला एका जुन्या रीतीची आठवण झाली. ज्यांनी कयाक निर्माण केली त्या उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांत नाव कुणी तयार विकत घेत नसे. ती ज्याची त्याच्या अंगावर बेतली जाई. पसरलेल्या दोन्ही हातांची वाव तीन वेळा मोजली की लांबी, कमरेच्या रुंदीत दोन मुठी मिळवल्या की बैठकीची रुंदी. शिकाऱ्याचे शरीर हीच मोजपट्टी. पुढे युरोपात घडीची कयाक लोकप्रिय करणारा योहान क्लेपर हाही पेशाने शिंपीच होता. म्युनिकच्या आल्फ्रेड ह्यूरिख नावाच्या विद्यार्थ्याने केलेल्या रचनेचे हक्क त्याने १९०७ मध्ये घेतले आणि रोझेनहाइमला आपल्या दुकानी नावा शिवू लागला. नाव शिवायची असते, हे एकदा मनाने घेतले की बाकीचे सोपे होते. तिशीत शिवलेला अंगरखा सत्तरीत अंगाला बसत नाही, म्हणून कुणी अंगरखा घालणे सोडत नाही. शिंप्याकडे जाऊन नवे माप देतो.

मोठ्या वयातील पराक्रमाची उदाहरणे माझ्यासमोर ठेवण्यात आली नाहीत, असे नाही. पोलंडच्या अलेक्झांडर डोबाने चौसष्टाव्या वर्षी कयाकीने अटलांटिक ओलांडला आणि २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तिसऱ्यांदा. परंतु त्याची नाव सुमारे सात मीटर लांब, झोपण्यापुरती बंदिस्त जागा असलेली, खास त्याच्याचसाठी बांधलेली होती. जर्मनीचा ऑस्कर श्पेक १९३२ मध्ये उल्महून डॅन्यूबमध्ये उतरला, हिंदुस्थानचा किनारा धरून पुढे गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या सात वर्षांत त्याला नावा बदलाव्या लागल्या. आपल्या मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ च्या हिवाळ्यात गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३००० किलोमीटर किनारा एकट्याने वल्हवला, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मला त्यांच्याकडून घ्यायचे ते अंतर नव्हे. मी घेतो ते एवढेच, की नाव माणसाला आणि त्याच्या वाटेला शोभणारी हवी.

माझी वाट कोणती? ताशी पाच किलोमीटर, दोन तास, काठ नजरेच्या टप्प्यात. हे एकदा कागदावर लिहिले आणि एक गोष्ट उमगली. लांब नाव वेगवान असते, हे खरे; पण तो फायदा जोराने वल्हवणाऱ्याला मिळतो. संथ गतीत लाटेचा अडथळा थोडा आणि पाण्याचे घर्षण अधिक असते, आणि घर्षण पाण्याला टेकलेल्या पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून माझ्या गतीला चौदा फुटांची नाव सतरा फुटांच्या नावेपेक्षा हलकीच चालते. म्हणजे आखूड नाव घेणे ही माघार नव्हे. ती गणिताला धरूनच आहे. तेच गणित वल्ह्यालाही लागू. मिनिटाला पन्नास फटके म्हणजे तासाला ३००० होतात. वल्हे ३०० ग्रॅमने हलके असले, तर तासाभरात खांद्याला ९०० किलो कमी उचलावे लागते. माझ्या वयाच्या कुणी सल्ला मागितलाच, तर मी सांगेन, नावेआधी वल्हे बदला.

कसोट्या मी तीन ठरविल्या. खोल पाण्यात उलटल्यावर कुणाच्या मदतीवाचून पुन्हा आत चढता आले पाहिजे. दोन तासांनी, काठ न धरता, उठून बाहेर येता आले पाहिजे. आणि नाव मोटारीपासून पाण्यापर्यंत मला एकट्याला नेता आली पाहिजे.

या तिसरीवर आमच्या सौ. अडल्या. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या वल्हवण्याला विरोध केला नाही आणि कौतुकही केले नाही. त्या काठावर मोटारीत बसून वाचत असतात. त्या म्हणाल्या, “अहो, एकट्याला का? मी काठावर असतेच ना. मला एक टोक उचलता येईल, अशी पाहा.” मी वाद घातला, की नाव स्वावलंबनासाठी आहे. त्यावर त्यांनी जे विचारले, त्याला मजजवळ उत्तर नव्हते: “पाण्यात एकटे असालच. मग जमिनीवरही एकटेच असायला हवे का?”

त्यानंतर तिसरी कसोटी बदलली. अठरा किलोंची नाव दोघांनी उचलली की प्रत्येकाच्या वाट्याला नऊ किलो येतात. भरल्या हंड्याहून हे ओझे कमी. शिवाय एक अट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली. तरंगते जाकीट अंगावर असेल, शीळ गळ्यात असेल आणि ठरलेल्या वेळेला अर्धा तास उलटला, तर त्या वाट पाहणार नाहीत, काठावरच्या नावाड्यांना हाक मारतील. एरवी अशा अटींनी माणसाला लहान झाल्यासारखे वाटते. मला तसे वाटले नाही. आपण परतावे म्हणून कुणी घड्याळ पाहत आहे, हेही सुखच आहे, आणि तारुण्यात ते समजायला सवड नसते.

चौदा फुटांची, तेवीस इंच रुंद, ऐसपैस तोंडाची नाव मी आता सांगितली आहे. तरुणाच्या नावेपेक्षा ती आखूड आहे आणि इंचभर रुंद, माझ्या कमरेला आणि दोन मुठींना पुरेल एवढी. जुनी सतरा फुटी कोकणातल्या एका मुलीकडे चालली आहे. तिचे खांदे चांगले आहेत आणि पुढे जावयाचे अंतरही लांब आहे. लोक विचारतात, ही शेवटची का? मी म्हणतो, पुढची. पंचाहत्तरीत माप पुन्हा बदलेल. तेव्हा आणखी हलकी, बारा फुटांची घ्यावी लागेल आणि सौं.च्या वाट्याचे ओझे सहा-सात किलोंवर येईल. एक दिवस आमच्यापैकी कुणालाही ते टोक उचलता येणार नाही, हे मला कळते. तो दिवस येईल तेव्हा काठावर दोन खुर्च्या मांडू. तोवर वारा पडलेला असला, की सकाळी सातला निघायचे, एवढे ठरले आहे.