अब्बांची राजदूत आणि नेकनूरचा रस्ता

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की पाली मागे पडते आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. घाट काही फार मोठा नाही. पण याच घाटात बारा वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांच्या हातून अब्बांच्या राजदूतचे इंजिन जाम झाले. चूक साधी होती. राजदूत ही टू-स्ट्रोक गाडी. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. इंजिनातल्या बेअरिंगला आणि पिस्टनला तेवढेच तेल मिळते, दुसरे नाही. आम्ही पंपावर पेट्रोल भरले, गप्पांच्या नादात ऑइल विसरलो आणि भर उन्हात घाट चढायला लागलो. अर्ध्या घाटात इंजिनातून घरघर आली, मागचे चाक करकचून थांबले आणि गाडी गप्प झाली.

आम्ही मणियार. बांगड्या भरणे हा आमचा खानदानी धंदा. अब्बा त्या राजदूतवर मागे लाकडी पेटी बांधून नेकनूर, येळंबघाट, केज असे बाजार करायचे. लग्नसराईत तर फजरची नमाज झाली की गाडीला किक बसायची ती मगरिबलाच गाडी परत यायची. गाडी जाम झाल्यावर त्यांनी दोन वर्षे एसटीच्या टपावर आणि सीटखाली पेट्या ठेवून बाजार केले. काचेचा माल फुटायचा. मग नेकनूर सुटले, मग केज सुटले आणि ते घराच्या ओट्यावरच दुकान मांडून बसले. आम्हाला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. भंगारवाला दोनदा आला, वजनाने भाव सांगून गेला. अब्बा इतकेच म्हणायचे, "राहू द्या तिथंच."

मागच्या रमजाननंतर आम्ही ठरवले की अब्बांच्या पायांत किक मारण्याची ताकद आहे तोवर ही गाडी चालू करायची.

ही गाडी एके काळी खेडोपाडी होती. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर १९६० च्या दशकात ती काढली. दूधवाले, मास्तर, ग्रामसेवक, फेरीवाले अशा सगळ्यांना ती परवडायची आणि कच्च्या रस्त्याला दाद द्यायची नाही. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने चालवलेली छोटी गाडी हीसुद्धा राजदूतच. आता तिचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली. कंपनीचे सुटे भाग येणे थांबले, आणि मेकॅनिकही उरले ते पिकल्या दाढीचे.

असेच एक उस्ताद बार्शी नाक्याकडे आहेत. त्यांनी इंजिन खोलले. पिस्टन आणि सिलिंडर चिकटले होते, ते बोअर करून सुधारता येणार होते. क्रँकच्या दोन्ही बाजूंची मुख्य बेअरिंगे गंजून घासली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातले रोलर निळे पडले होते. तेलावाचून तापले की पोलाद असे निळे पडते. उस्ताद म्हणाले, "बाजूचे बेरिंग मिलेंगे. ये कनेक्टिंग का किट ढूंढना पडेगा. वो अब आता नहीं."

बाजूची बेअरिंगे खरोखरच बीडमध्ये मिळाली, आणि ती कशी मिळाली हे वाचकांना सांगण्यासारखे आहे.

आमच्या जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. पण जिथे विहिरींवर मोटारी आहेत, कापसाच्या जिनिंग आहेत, साखर कारखाने, पिठाच्या गिरण्या आणि खडी फोडणारी यंत्रे आहेत, तिथे बेअरिंगचे दुकान असतेच. फिरणाऱ्या प्रत्येक आसाला बेअरिंग लागते. बीडमधल्या अशाच एका जुन्या दुकानात आम्ही गेलो आणि म्हणालो, "राजदूतची बेअरिंगे द्या." दुकानदारकाका हसले. म्हणाले, "गाडीचं नाव कशाला सांगता? आकडा सांगा. कंपनी बंद झाली असेल, आकडा थोडाच बंद झालाय."

त्यांनी आमचे गंजलेले बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवले, फडक्याने पुसले आणि कडेवर कोरलेला आकडा दाखवला. मग वही ओढून शिकवणीच घेतली. उदाहरणाला ६२०५ घ्या, ते म्हणाले. पहिला ६ म्हणजे एका रांगेत छर्रे असलेले खोल खाचेचे बेअरिंग. पुढचा २ म्हणजे जाडी-रुंदीची मालिका. शेवटच्या ०५ ला पाचने गुणा, २५ आले. तेवढे मिलिमीटर आतले भोक. ६२०५ जगात कुठेही घ्या, भोक २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. तेच ६३०५ घेतले तर भोक २५ च, पण बाहेरून ६२ आणि रुंदी १७, म्हणजे जास्त भार पेलणारे. ०४ च्या खालच्या आकड्यांना मात्र पाचचा हिशेब लागू नाही. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. घरातल्या बहुतेक छताच्या पंख्यांत ६२०२ किंवा ६२०१ असते, हेही त्यांनीच सांगितले. आकडा पार पुसला गेला असेल तरी व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे घेतली की तो परत काढता येतो.

"आणि एक लक्षात ठेवा," काका म्हणाले. "इंजिनासाठी सी-३ मागा. साधं बेअरिंग गरम झालं की आवळतं. सी-३ मध्ये छर्ऱ्यांना थोडी जास्त जागा ठेवलेली असते." त्या दिवशी त्यांच्याकडे साधीच होती. ती गळ्यात न मारता त्यांनी आठ दिवस थांबायला सांगितले आणि सी-३ मागवून दिली. दोन्ही जयपूरच्या कारखान्यातली निघाली. तो कारखाना १९४६ सालचा, देशातल्या जुन्या बेअरिंग कारखान्यांपैकी एक.

आता राहिले कनेक्टिंगचे किट. त्यात रॉड, क्रँकपिन आणि रोलर असा संच असतो. तो त्या गाडीपुरताच बनतो, त्याला जगाचा आकडा नसतो. उत्पादन बंद झाल्याची खरी अडचण इथे येते.

आम्ही पुण्याला गेलो. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरपर्यंत. आमचा हा प्रवास त्याच्या आधीचा, म्हणून रात्रीची एसटी धरली. पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो. दिवसभर फिरलो. बुलेटचे मिळते, यझदीचेही विचारले की कुठूनतरी निघते. राजदूत म्हटले की मान हलायची. शेवटी एका दुकानात किट निघाले. खोका नवा कोरा, भाव भरपूर. आनंदाने घेतले, जुम्मा असल्यामुळे जवळच्या मशिदीत नमाज पढलो आणि परत निघालो.

बार्शी नाक्यावर उस्तादांनी खोका उघडला, रोलर बोटांत फिरवला आणि काही न बोलता आमच्या हातात दिला. खोका नवा होता, माल जुना. घासलेले रोलर पॉलिश करून भरले होते. उजेडात धरले की त्यांच्यावर बारीक उभ्या रेषा दिसत होत्या, आणि पिनवरचा मूळ आकडा घासून फिका केलेला होता. आम्ही दुकानाला फोन केला, तर त्यांनी ओळखच दाखवली नाही. पैसे गेले याचे वाईट वाटले. त्याहून जास्त वाईट याचे वाटले की माप-तोल पुरे देण्याची एवढी ताकीद असताना खोटा माल नव्या खोक्यात भरणाऱ्याला रात्री झोप कशी लागत असेल.

मग उस्तादांना आपले स्वतःचे उस्ताद आठवले. त्यांचे दुकान अंबाजोगाईला होते. जुनी माणसे अजून त्या गावाला मोमिनाबादच म्हणतात. उस्तादांचा इंतकाल होऊन बरीच वर्षे झाली होती. "चाची हैं," ते म्हणाले. "दुकान का माल शायद घर में पडा होगा."

एसटी मांजरसुंब्याहून डावीकडे वळली तेव्हा आमच्या लक्षात आले की हा तर अब्बांचाच रस्ता. नेकनूर आले, येळंबघाट आले, केज आले. रस्ता आता रुंद झाला आहे, पण बाजाराची मैदाने तीच. नेकनूरला बस थांबली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने आमच्याकडे जागा मागितली. बोलता बोलता आम्ही मणियारांचे, हे कळले. "पेटीवाल्या भाईंची पोरं का तुम्ही? माझ्या दोन्ही लेकींचा चुडा त्यांनीच भरला. येईनासेच झाले ते." आम्ही काय उत्तर देणार? गाडी बिघडली, एवढेच म्हणालो.

चाचींनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून दिला. आत तेलकट कागदात गुंडाळलेले एक किट होते, आणि डब्यावर मरहूम उस्तादांच्या हातची किंमत. चाची म्हणाल्या, "उनोने जो लिखा, वोइच दो." ती किंमत पाहून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुण्यात खोट्या मालाला दिले त्याचा दहावा हिस्साही ती नव्हती. गप्प बसून घेता आले असते, कोणाला कळलेही नसते. पण नुकतेच आम्ही स्वतः फसलो होतो. आम्ही चाचींना आजचा भाव काय आहे ते खरे सांगितले आणि पुण्यात दिले होते तेवढेच पैसे पुढे ठेवले. त्यांनी ते मोजले, निम्मे परत केले आणि म्हणाल्या, "आधा तुमारी सच्चाई का. और माल खराब निकला तो वापस लाना." मग चहा झाला, जेवूनच जावे लागले.

किट अस्सल होते. रॉड आणि पिन चोख होती. मात्र इतक्या वर्षांच्या दमट हवेने रोलरांवर गंजाचे ठिपके आले होते. ते घातले असते तर हजार किलोमीटरही टिकले नसते. खरादी चाचांनी एक रोलर मायक्रोमीटरने मोजला, व्यास आणि लांबी कागदावर लिहून दिली. तो कागद घेऊन आम्ही परत आमच्या बेअरिंगवाल्या काकांकडे गेलो. सुटे रोलर मापावर मिळतात. काकांनी एकाच खोक्यातला सगळा संच दिला. जुन्यात चार नवे मिसळायचे नाहीत, नाहीतर सगळा भार मोठ्या रोलरांवरच येतो, हे बजावून. पुणे झाले, अंबाजोगाई झाले, आणि शेवटचे माप बीडच्याच दुकानात मिळाले.

पुढचे काम सबुरीचे होते. प्रेसवर क्रँक जोडून खरादी चाचांनी तो डायल लावून सरळ केला. मुख्य बेअरिंगे रात्रभर अम्मींच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवली. अम्मींनी त्याबद्दल बरेच ऐकवले. सकाळी उस्तादांनी चेंबर तापवले. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला, तसे गार बेअरिंग आपल्या वजनाने जागेवर बसले. हातोडा लागलाच नाही. बेअरिंग ठोकून बसवले की छर्ऱ्यांचे वळ खाचेत उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करते. चेंबरमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यायचा, आसावर बसवताना आतल्या कड्यावर. उस्तादांचा हा नियम आम्ही लिहून ठेवला आहे. ऑइल सीलही नवी टाकली.

असरनंतर गाडी घरासमोर आणली. गल्लीतली पोरे जमली. अब्बा ओट्यावरून उतरले. आम्हाला वाटले आता किक मारतील. पण त्यांनी आधी टाकीचे झाकण उघडले, खिशातून ऑइल मोजायचे जुने माप काढले आणि आमच्या हातात दिले. स्वतः बाजूला उभे राहिले. आम्ही मोजून ऑइल ओतले, पेट्रोल ओतले, गाडी हलवून मिसळले. तोवर ते पाहत होते. मग बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी किक मारली. चौथ्या किकला निळसर धूर निघाला.

नवे इंजिन पहिले काही दिवस हळू चालवायचे असते, म्हणून घाट टाळून आम्ही खजाना बावडीपर्यंतच गेलो. शहराबाहेर सोलापूर रस्त्याकडेची ही विहीर सोळाव्या शतकातली. मुर्तुजा निजामशहाच्या काळात सलाबत खानाने राजा भास्कर या कारागिराकडून ती बांधून घेतली. तिचे पाणी जमिनीखालच्या भुयारी पाटांनी शेतांत जात असे. अब्बांनी गाडी बंद केली, विहिरीत डोकावले, मग वाकून इंजिनावर हात ठेवला आणि किती तापले ते पाहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नेकनूरचा बाजार अजून त्याच वारी भरतो ना?"