फुगलेला डबा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेत पाच भाकरींच्या चमत्काराचे शुभवर्तमान वाचले गेले. प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले व बारा टोपल्या भरल्या. यावरून अन्नाची नासाडी हे पाप होय, असे आम्ही प्रवचनात बरेच ठासून सांगितले. प्रवचन चांगले वठले असे आम्हांस वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात घरभेटींसाठी कमरीपेठेत गेलो असता एका आजींच्या घरी मासळीचा डबा उघडण्याच्या तयारीने ठेवलेला दिसला. मुलाने आखातातून आणलेला, सणासाठी जपून ठेवलेला. त्याची दोन्ही तोंडे फुगली होती; एक बाजू बोटाने दाबली की दुसरी वर येई.

"फादर, उघडून वास घेते. चांगला असला तर टाकायचा कशाला? तुम्हीच तर रविवारी सांगितलंत!"

शेजारच्या सावजी बाईंचा सल्लाही तोच : वास घ्या, जिभेला लावून पाहा.

ही परीक्षा वाडवडिलांपासूनची. दूध नासले, आमटी आंबली, तर नाक सांगतेच. परंतु बंद डब्याची गोष्ट निराळी. येथे ज्या जंतूची भीती, त्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात, आणि जेथे हवा नाही व आंबटपणा नाही तेथे तो जंतू वाढतो. साध्या उकळण्याने ते बीजाणू मरत नाहीत; म्हणून कारखान्यात असे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तेथे कसूर राहिली तर आत विष तयार होऊ शकते. त्यास वास असेलच असे नाही, आणि चव पाहण्यापुरता घासही जीव घेऊ शकतो. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी एका अंत्यविधीस आलेल्या वाजंत्री मंडळींनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि तिघे दगावले. त्याच मांसात एमिल व्हान एर्मेंगेम या प्राध्यापकांना हा जंतू सापडला.

हे सारे आजींना सांगितले. फुगलेला, गळणारा, सांध्यावर चेपलेला किंवा आरपार गंजलेला डबा उघडूच नये. उघडताच रस फसकन उडाला, किंवा बाटलीच्या झाकणाचा मधला भाग आधीच वर आलेला असला, तरीही तेच. वेष्टनावर परवान्याचा क्रमांक व तारीख ठीक असली म्हणून फुगलेला डबा चांगला ठरत नाही. बाजूस लहानशी पोच असेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही.

आजींची नजर फळीवरील बरण्यांकडे गेली. कैरीच्या लोणच्यास या विषाची भीती नाही. आंबटपणा व मीठ त्याची राखण करतात. नुसत्या तेलात बुडवून ठेवलेल्या लसणीची गोष्ट वेगळी. तेलाखाली हवा नाही आणि लसूण आंबट नाही! ती फ्रिजमध्येच ठेवावी व चार दिवसांत संपवावी. आणि कोणी असे काही खाल्लेच, व पुढे एकाचे दोन दिसू लागले, पापण्या मिटू लागल्या, बोलताना जीभ अडखळली, घास गिळवेना, तर लिंबूपाणी देत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

"मग रविवारचं प्रवचन?" आजींनी विचारले.

"ते तुकडे त्याच दिवशीच्या भाकरींचे होते, आजी," आम्ही म्हणालो. उत्तर आमचे आम्हांसच लंगडे वाटले. पुढील रविवारी प्रवचनात दुरुस्तीची दोन वाक्ये घातली.

कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू नये म्हणून डबा दोन पिशव्यांत घट्ट बांधून आजींनी आमच्या स्वाधीन केला. आम्ही दारापर्यंत आलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मुलाला कळू देऊ नका हं, फादर. कालवण फार छान झालं होतं, असं मी त्याला फोनवर सांगणार आहे."

धर्मगुरूस हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता.